पत्र्यावरचा तळहात

आश्रुबाची सनई लोकांनी दोनदाच ऐकली, आणि दोन्ही वेळा लोक हसले. एरवी त्याचं काम असं होतं की ते नीट झालं, तर कुणाला काही ऐकू येऊ नये. मी टाळ्यांवर जगलेला माणूस. असं काम करणाऱ्याबद्दल मी लिहावं हे जरा विचित्रच. पण आता ते पाहिलेलं दुसरं कुणी उरलं नाही, आणि जे झालं त्यात माझाही हात आहे. हात म्हणजे खरोखरचा हात. तो शेवटी येईल.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. फसली तेराशे एकोणचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या आसपास. आमची नाटक मंडळी फुटली होती. अर्धे नट गेले, पडदे गेले. उरलो आम्ही सातजण, एक पेटी आणि सामानाच्या दोन ट्रंका. मी नायिकेची कामं करायचो, त्यामुळे माझ्या मिशा अजून उगवायच्या होत्या आणि जबाबदारी कसलीच नव्हती. अशा आम्हाला दिंद्रुडच्या विठ्ठलराव देशमुखांनी ठेवून घेतलं. त्यांचा कापसाचा जिन होता, रुई आणि सरकी वेगळी करायचा कारखाना. घटस्थापनेपासून चैत्रापर्यंत जिन चालायचा, आणि तोवर आम्ही त्यांच्या घरी जेवायचं, दुपारी त्यांच्या बैठकीत तालीम करायची, त्यांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी ऐकायची. विठ्ठलराव रसिक होते. हे मी आजही म्हणेन. पद रंगलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते खरं असायचं.

अडचण एकच होती. जिनमध्ये रुईची धूळ इतकी उडायची की बाया खोकून खोकून बेजार. ती धूळ ओढून बाहेर टाकायला बंकट मिस्त्रीने एक पंखा बसवला होता. पंख्यापासून हातभर रुंदीचा पत्र्याचा नळ निघायचा, भिंतीकडेने सरकत बैठकीच्या मागून जायचा आणि ओढ्यावर उघडायचा. इंजिन सुरू झालं की तो नळ घुमायला लागायचा. नुसती घरघर नव्हे, चक्क सूर. आमची पेटी काळी पाचला, आणि नळाचा सूर तिच्या केसभर वर. गाणाऱ्यालाच कळेल हे दुखणं कसलं ते. दुसरा सूर लांब असेल तर माणूस त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. केसभर अंतरावर असेल तर तो गळ्याला धरून ओढतो. मी गायला लागलो की पहिल्या ओळीत पेटीबरोबर असायचो आणि तिसरीत नळाबरोबर.

“पंखा दोन घंटे बंद ठेवता आला तर,” मी एकदा म्हणालो.

विठ्ठलराव हसले. “मोहनराव, गाड्या वेशीपर्यंत लागल्यात. कापूस थांबत न्हाई. गाणं थांबतं.”

खंडेनवमीला इंजिनाची पूजा असायची. त्या दिवशी वाजवायला तलवाड्याहून वाजंत्री यायचे. तलवाड्याला देशमुखांची जमीन होती आणि तिथल्या देवीच्या जत्रेत कुणी काय वाजवायचं हेही तेच ठरवायचे. वाजंत्री म्हणजे राधाकिशन आणि आश्रुबा, सख्खे भाऊ. त्या घराची रीत अशी होती की थोरल्याने सनई वाजवायची आणि धाकट्याने सूर धरायचा. सूर हेही सनईसारखंच वाद्य असतं, पण त्याची भोकं मेणाने बुजवलेली. त्यातून एकच स्वर निघतो. सनईवाला हवा तिकडे फिरून येतो आणि हा दारात कंदील धरून उभा राहिल्यासारखा तोच स्वर धरून बसतो. श्वास तुटू द्यायचा नाही. गालात हवा साठवून नाकाने दम घ्यायचा. आश्रुबा बाराव्या वर्षी सुराला बसला. मी पाहिला तेव्हा तो चाळिशीला आला होता, आणि आयुष्यात लोकांपुढे त्याने दुसरा स्वर लावला नव्हता.

पूजेच्या वेळी ऊन फार होतं. राधाकिशन मंडपात उभा राहिला. आश्रुबाने सावली बघितली आणि पंख्याच्या खोलीच्या दारात, नळाला टेकून बसला. नळाला तिथे रुई साफ करायची एक झडप होती. ती उघडी होती आणि आश्रुबाच्या सुराचं तोंड नेमकं तिच्यापाशी. नारळ फुटला, बंकटने इंजिन सुरू केलं, नळ घुमू लागला. आश्रुबा सूर धरून होता. आणि आम्ही बैठकीत बसलेले सगळे एकदम एकमेकांकडे पाहायला लागलो. घुमणं गेलं होतं. इंजिनाचे ठोके येत होते, बायांचं बोलणं येत होतं, पण नळ गप्प. आश्रुबा खोकला तेव्हा घुमणं परत आलं. त्याने सूर लावला, थोडा सरकून बसला, पुन्हा गेलं.

विठ्ठलराव उठून बाहेर गेले आणि त्यांनी त्याला पाच-सहा वेळा थांबवून वाजवायला लावलं. मग बंकटला हाक मारली. “मिस्त्री, ही काय भानामती हाय?”

बंकट गिरण्यांत शिकून आलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने आम्हाला इंजिनाच्या पाण्याच्या हौदाशी नेलं. हौदाच्या एका टोकाला त्याने तळहाताने पाणी ढकललं, दुसऱ्या टोकाला मला ढकलायला लावलं. “ही लाट तुमची, ही माझी. तुमचा उंचवटा आन माझा खड्डा एका जागी आला की पाणी सपाट. आवाजाचं तसंच हाय. पंखा नळात धक्के देतो. आश्रुबा तसलेच धक्के उलटे देतो. म्होरं काईच जात न्हाई.”

“आन जागा चुकली तर?” विठ्ठलरावांनी विचारलं.

“उंचवट्यावर उंचवटा. मग दुप्पट बोंब.” ओला हात पुसत तो म्हणाला, “मालक, आवाज मरत न्हाई पर. बैठकीकडं जायचा तो माघारी फिरतो. पंख्याच्या खोलीत जो बसंल त्याच्या डोक्यात जातो.”

हे वाक्य मी ऐकलं, विठ्ठलरावांनी ऐकलं, आश्रुबानेही ऐकलं. विठ्ठलराव आश्रुबाकडे वळले. “हंगामभर बसशील का बे हितं?”

“बसंल की सरकार.”

“काय पायजे?”

आश्रुबाने भावाकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाला, “चैती पुनवेला देवीम्होरं सनई. एकडाव.”

राधाकिशन तिथेच उभा होता, सनई अजून हातात. विठ्ठलरावांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना तो देखावा आवडला. “दिली,” ते म्हणाले. “पर एक दिस जरी नळ बोलला तर सनई बी गेली आन सूर बी गेला. राधाकिशन, तू औंदा सूर धरायचा. काय?”

“हुकूम,” राधाकिशन म्हणाला.

बंकटने झडपेच्या जागी पत्र्याची एक आखूड नळी बसवली, मागे-पुढे सरकणारी. तिच्यात सुराचं तोंड घालायचं. नळी बोटभर इकडे-तिकडे सरकवून नेमकी जागा सापडायची, आणि मग पंख्याचा सूर आश्रुबाच्या सुराला आपणहून ओढून घ्यायचा. पण इंजिनावर बोजा कमी-जास्त झाला की पंख्याचा सूर हलायचा, तो शेवटचा केसभर फरक आश्रुबाने ओठांनी भरायचा. दुपारी दोन घंटे आमची तालीम. पुढे पाहुणे वाढले, मैफली वाढल्या, तेव्हा चार घंटे, पाच घंटे.

सुरुवातीच्या दिवसांत, दिवाळी तोंडावर असताना, बाजाराच्या दिवशी जिन बंद होता. आश्रुबाने मला ओढ्याकडे नेलं आणि कमरेचं फडकं सोडून एक सनई काढली. जुनी, एका जागी तारेने आवळलेली. “कुणाला सांगू नका मोहनराव,” म्हणाला आणि वाजवायला लागला. देवीच्या पालखीची चाल होती. मी मोठ्या शहरांतल्या सनया ऐकल्या आहेत, म्हणून जपून सांगतो: ते चांगलं होतं. चालीच्या शेवटी तो एक बारीक मुरकी घ्यायचा, लहान मुलाने उंबऱ्यावरून उडी मारावी तशी. अठ्ठावीस वर्षं एकाच स्वरावर बसून त्याने ती मुरकी मनात घोटली होती.

“राधाकिशनला येते का ही?” मी विचारलं.

“त्यो सरळ जातो. दादा चांगला हाय, पर त्याला घाई असती.” मग हसला. “मला कुठं जायाचं हाय?”

त्या सनईसाठी तो पंख्याच्या खोलीत बसला होता हे लक्षात ठेवा. दुसरं त्याला काही नको होतं.

कार्तिकात मी एकदा त्याला भेटायला खोलीत गेलो. आत पांढरं अंधुक होतं. रुई हवेत तरंगत होती, त्याच्या भुवयांवर, मिशांवर बसली होती. उजव्या हाताने सूर धरलेला आणि डावा तळहात नळाच्या पत्र्यावर, बैठकीच्या बाजूला. त्याने माझा हात ओढून तिथे ठेवला. पत्रा थरथरत होता. त्याने सूर लावला. थरथर वाढली, कमी झाली, वाढली, उचकी लागल्यासारखी. ओठ जरा आवळले; उचक्या लांबल्या, मग थांबल्या. पत्रा थंड पडल्यासारखा निश्चल झाला. त्याने डोळ्यांनी मला विचारलं: कळलं का? पण मला पाठीमागे पंख्याकडून येणारा आवाज सहन होईना. जे बैठकीत जात नव्हतं ते सगळं त्या खोलीत उकळत होतं. मी लगेच बाहेर आलो. संध्याकाळपर्यंत माझे कान वाजत होते.

तो सुटल्यावर मी त्याला म्हणालो, “कानात बोळे घालत जा.”

“मग सूर कसा गावंल?” तो म्हणाला. “आन जुळला का न्हाई ते कळाया सोपं हाय. जुळला की काईच उरत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी माझं पद फार रंगलं. असली शांतता मला कुठल्याच नाटकगृहात मिळाली नव्हती. पदाची शेवटची ओळ सोडली की तिचा निरोप घेणारी जागा असते ना, तीसुद्धा ऐकू यायची.

खोलीत हाक ऐकू जायची नाही, म्हणून विठ्ठलरावांनी युक्ती काढली. आमच्या फुटलेल्या मंडळीच्या पडद्याची दोरी ट्रंकेत पडून होती. ती त्यांनी मागितली, आम्ही दिली. एक टोक बैठकीच्या खिडकीतून त्यांच्या लोडापाशी, दुसरं आश्रुबाच्या घोट्याला. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की वाजव. पाहुण्यांना ही मोठी करमणूक झाली. नवा पाहुणा आला की विठ्ठलराव दोरी त्याच्या हातात द्यायचे.

“ओढा साहेब.”

पाहुणा ओढायचा, नळ घुमू लागायचा. दोनदा ओढायचा, नळ गप्प. मग पुन्हा. मग जोरात, म्हणजे पलीकडे काय होतं ते बघायला. आश्रुबाच्या घोट्याला वळ पडले.

“हा वाजवतो काय?” एकाने विचारलं.

“वाजवत न्हाई,” विठ्ठलराव म्हणाले. “वाजू देत न्हाई.” सगळे हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं.

पौषात त्याची बायको सारजाबाई तलवाड्याहून आली आणि जिनमधल्या बायांबरोबर कामाला लागली. तिने मला पहिल्यांदा सांगितलं. “दादा, यांना दोनदा बोलल्याबिगर कळत न्हाई. कानात रुई बसली म्हनत्यात.” ती लसूण घालून तेल गरम करायची, काडीला फडकं गुंडाळून कान पुसायची. आणि खरोखरच रुई निघायची, पांढरी, ओली. म्हणून दोघांचा विश्वास बसला. त्या खोलीत बसणाऱ्याच्या कानात रुई जाणारच. हंगाम सरला, चार वेळा डोकं धुतलं की कान मोकळे होतील, असं आश्रुबा म्हणायचा. आणि काम अडत नव्हतं. कान उतरत गेला तसा तळहात चढत गेला. नळ एक दिवसही बोलला नाही. बहिरा होत चाललेला माणूस तो, पण त्याचं काम बघून कुणालाही तसं वाटलं नसतं. त्याला स्वतःलाही वाटलं नाही.

चैती पौर्णिमेला आम्ही सगळे तलवाड्याला गेलो. विठ्ठलरावांनी शब्द पाळला. सकाळी पालखी निघायच्या वेळी आश्रुबा नवा पटका बांधून सनई घेऊन पुढे आला. एका पावलामागे राधाकिशन, हातात सूर. ज्या हातांनी तीस वर्षं सनई वाजवली त्या हातांना सूर कसा धरावा कळत नव्हतं. पण स्वर त्याने सरळ लावला.

आश्रुबाने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

बोटं बरोबर होती. एकही स्वर मागे-पुढे नाही, चाल तीच, मुरकीसुद्धा तीच, उंबऱ्यावरची उडी. पण सगळंच्या सगळं केसभर वर. हंगामभर त्याच्या ओठांना एका जागी आवळून बसायची सवय लागली होती, आणि कान सांगायला उरला नव्हता. तो नळाच्या सुरात वाजवत होता. नळ तिकडे दिंद्रुडला बंद पडलेला, आणि हा देवीपुढे त्याच्याशी जुळवून उभा.

पहिल्यांदा बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग कुणीतरी म्हणालं, “देवीला शिंक आली बग.” दुसरा म्हणाला, “नळ आला रं, सरकारचा नळ.” मग हसण्याला बांध राहिला नाही. विठ्ठलराव डोळे पुसत होते. “वाजव आश्र्या, वाजव. थांबू नगंस.”

मी मात्र राधाकिशनकडे पाहत होतो. केसभर. ओठ तेवढे आवळले असते तर सूर सनईखाली जाऊन बसला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. आश्रुबाने एका पंख्यासाठी सहा महिने तेच केलं होतं. राधाकिशनला ते येत नव्हतं असं नाही. त्याने मंदिराच्या कळसाकडे नजर लावली आणि आपला सूर खुंटीसारखा ठोकून ठेवला. पालखी वेशीपर्यंत जाऊन परत येईतो हलवला नाही.

आश्रुबाने डोळे उघडले तेव्हा समोर हजार माणसं हसत होती. त्याला ते हसू आनंदाचं वाटलं. जत्रेत लोक आनंदी असतात. तो गर्दीतून सरळ माझ्याकडे आला, घामाने निथळत.

“मोहनराव, जुळला का? मला तर काईच ऐकू आलं न्हाई. सुरात असा मिळाला की उरलाच न्हाई.”

त्याच्यामागे सारजाबाई उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी मान हलवली. हो म्हटलं. एवढ्यावर थांबलो नाही, मी नट. खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढलं, झटकलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर घातलं. लोक आणखी हसले. त्याला वाटलं, टाळ्या आहेत.

विठ्ठलराव जवळ आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “दरसाल हाच वाजवणार. माझा शब्द हाय.”

पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा बैठकीत आणि आश्रुबा पुन्हा पंख्याच्या खोलीत. आता त्याच्याशी खुणांनी बोलावं लागायचं. बंकट मिस्त्री एकदा विठ्ठलरावांना म्हणाला, “मालक, मानूस पार बहिरा झाला. बदला त्याला.”

“बहिरा झाला तर बरंच हाय की,” विठ्ठलराव म्हणाले. “आता त्याला तरास तरी न्हाई. आन कान लागतोच कुठं तिथं?”

सारजाबाई माझ्याकडे आली, उभ्याउभ्याच बोलली. “दादा, तुमी मान कावून हलवली?”

“त्याला वाईट वाटलं असतं.”

“म्या त्यांना सांगितलं. हातानं सांगितलं, रडून सांगितलं. म्हनत्यात, तुला सुरातलं काय कळतं, मोहनरावांनी उपरनं घातलं. आता पुन्हा चैत आला. पुन्हा लोक हसत्याल.” तिने पदर खोचला. “तुमीच सांगा त्यांना.”

“सांगतो,” मी म्हणालो.

सांगितलं नाही. रोज जायचं ठरवायचो, आणि तो मला बघून असा उजळायचा की मी इकडची तिकडची खूण करून परत यायचो.

दुसऱ्या वर्षी विठ्ठलरावांनी खास पाहुणे आणले. सतरंज्या घातल्या. आश्रुबा आला, खांद्यावर माझं उपरणं. मागे राधाकिशन, सूर हातात. चाल सुरू झाली आणि पहिल्याच ओळीला हसू फुटलं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून सारजाबाई पुढे आली. डोक्यावर तांब्याची रिकामी घागर. लोकांना वाटलं, देवीला पाणी घालायचं असेल. तिने घागर दोघा भावांच्या मधल्या ओट्यावर ठेवली, आश्रुबाच्या बाजूला उभी राहिली आणि एका लांब स्वराची वाट पाहिली. चालीत एक जागा अशी होती की तिथे वरच्या हाताने स्वर धरला की खालचा हात मोकळा सुटायचा. ती जागा आली. तिने त्याचा डावा हात धरला आणि तळहात घागरीच्या पोटावर दाबला.

त्याने चिडून तिच्याकडे पाहिलं. मग पाहायचं थांबला.

घागरीला उचक्या लागल्या होत्या.

ती थरथर कुणाला कळली नाही, पण त्या तळहाताला दुसरं काही कळतच नव्हतं. दोन हंगाम तो तेवढंच शिकला होता. तो स्वर तसाच लांबवत राहिला, दम न तोडता. ओठ आवळले, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की उचक्या जलद झाल्या. मग त्याने ओठ सैल सोडले, आणखी सैल, आणि सनईचा स्वर आमच्या कानांदेखत खाली उतरला, केसभर, आणि राधाकिशनच्या सुरात असा जाऊन मिळाला की दोन वाद्यं आहेत हे कळेना. हसणं थांबलं. सगळ्या ओट्यावर तो एकच स्वर उभा राहिला. मी आयुष्यात इतका खरा स्वर फार थोड्या वेळा ऐकला.

पण तो एकच स्वर होता. पुढची चाल वाजवायला दोन्ही हात लागतात, आणि हात उचलला की घागर गेली. त्याने एकदा उचलून पाहिला, दोन स्वर वाजवले, हात परत ठेवला. उचक्या. पुन्हा ओठांनी शोधून तो त्याच एका स्वरावर आला.

तेव्हा त्याने सनई तोंडातून काढली. हसून ताजेतवाने झालेले सगळे चेहरे त्याने एकेक करून पाहिले, सावकाश, कुणाला तरी शोधत असल्यासारखे. माझ्यापाशी नजर आली. थांबली नाही, पुढे गेली. मग त्याने सनई पटक्याच्या शेवाने पुसली आणि राधाकिशनपुढे धरली. राधाकिशनने घेतली. आश्रुबाने त्याच्या हातातून सूर घेतला, डावा तळहात घागरीवर ठेवला आणि आपला जन्माचा स्वर लावला.

“मजा गेली,” विठ्ठलराव पाहुण्यांना म्हणाले. राधाकिशन वाजवू लागला. सरळ, घाईने. मुरकी आली नाही.

मला वाटलं होतं, आता तो पुन्हा जिनमध्ये यायचा नाही. पण विठ्ठलरावांनी निरोप धाडला की नळ बोलला तर दोघा भावांचं देवीपुढचं वाजवणं बंद. त्या घराला दुसरं काय होतं? खंडेनवमीला आश्रुबा आला. पूजा झाल्यावर त्याने मला बाजूला बोलावलं आणि फडक्यातून उपरणं काढलं. धुऊन, घडी घालून आणलं होतं. बहिऱ्या माणसाचा आवाज सपाट होतो, तसा तो बोलला.

“मोहनराव, हे तुमचं माझ्याकडं ऱ्हायलं होतं.”

रागाने म्हणाला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो रागावला नव्हता. त्याने घडी माझ्या हातावर ठेवली, पंख्याच्या खोलीत गेला आणि घोट्याला दोरी बांधून घेतली. स्वतःच बांधली.

त्या दिवशी बैठक भरली होती. पेटीवाल्याने काळी पाच धरली. मी गादीवर बसलो, पदर सावरायची सवय म्हणून उपरणं सावरलं. मागे नळ घुमत होता, केसभर वर, माझ्या गळ्याला धरून ओढत. विठ्ठलरावांनी लोडाजवळची दोरी उचलली आणि मोठ्या मनाने माझ्यापुढे केली.

“मोहनराव, आज तुमी ओढा. तुमचंच गाणं हाय.”

आमच्याच पडद्याची दोरी. हाताला ओळखीची लागली. असंख्य वेळा ती ओढली जाताना मी पडद्यामागे उभा राहिलो होतो, तोंडाला रंग लावून, समोरच्या अंधारात लोक गप्प होण्याची वाट बघत.

मी दोनदा ओढली. नळ गप्प झाला. मी गायलो, आणि त्या दिवशी विठ्ठलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.